बिननावाचा उखाणा

म्हसवडच्या स्टँडवर एसटी लागली. आईनं माझी ओटी भरली, शेंगांचं गाठोडं मोहनच्या हातात दिलं आणि मला जरा बाजूला ओढून घेतलं. मला वाटलं, नवऱ्याशी कसं वागायचं ते सांगणार. ती म्हणाली, "शालन, तिथं जरा बेतानं बोल. तुझं लई आन् व्हय हितंच ठिवून जा. मुंबईकडची लोकं हसत्यात." अण्णा तोवर कंडक्टरशी खिडकीच्या जागेवरून हुज्जत घालत होते. गाडी सुटली, सगळे रडले, मीही रडले. पण दहिवडी मागं पडेपर्यंत माझ्या डोक्यात आईचं तेच वाक्य फिरत होतं. चटणी घेऊन जा, पापड घेऊन जा, पितळेचा डबा घेऊन जा, आणि बोलणं तेवढं ठेवून जा. म्हणजे नेमकं माझं स्वतःचं होतं तेवढंच ठेवून जा.

हे मी गावाकडच्या तुम्हा सगळ्यांसाठी लिहितेय. "शालन मुंबईला गेली आन् बदलली," असं तुम्ही म्हणता, ते माझ्या कानावर येतं. आणि जे माझ्यासारखेच कुठून कुठून आले, विरार-नालासोपाऱ्याच्या इमारतींत स्थिरावले आणि आता गेटवर उभं राहून पुढच्याला "कुठला रे तू?" म्हणून विचारतात, त्यांच्यासाठीही लिहितेय. दोघांनाही थोडं झोंबेल. झोंबू दे.

आधी एक सांगते. तुम्ही ज्याला मुंबई म्हणता ती मुंबई नव्हतीच. मोहनची कंपनी अंधेरीला, पण अंधेरीत राहणं आम्हाला कुठलं परवडायला! नव्वदच्या दशकात आमच्यासारखे नोकरदार वसई-विरारकडे सरकत होते, तसे आम्हीही सरकलो. पहिलं बिऱ्हाड वसईजवळ उमेळ्याला केलं. सिसिलबाय नावाच्या एका ख्रिस्ती बाईच्या वाडीत मागच्या अंगाला एक खोली होती. पुढं केळी, नारळ, आणि कडेला बावखल. बावखल म्हणजे वाडीतलं तळं, शिंपण्यासाठी खणलेलं. माणदेशातून आलेल्या मला पहिले काही दिवस ते पाणी बघत बसण्यापलीकडे काही कामच सुचत नव्हतं.

सिसिलबाय लुगडं नेसायची, गळ्यात क्रूस, आणि बोलायची ती मराठीच, पण मला अर्धी कळायची नाही. माझी तिलाही कळायची नाही. मी "भाकर टाकली का?" विचारलं की ती खालीवर बघायची, कुठं टाकायची म्हणून. एकदा शेजारची वाडी बिल्डरनं घेतली आणि तिथलं बावखल डंपरनं माती आणून बुजवायला घेतलं. सिसिलबाय दारात उभी राहून ते बघत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमी लोक आयले नं बाय, म्हनून आमचं पानी गेलं."

मला राग आला. डंपर काय मी चालवत होते? पण रागासोबत हेही कळलं की तिच्या डोळ्यांसमोर तिचं पाणी बुजतंय आणि बिल्डर काही तिथं उभा नाही, मीच उभी आहे. त्या काळात वसईत सगळीकडे हाच विषय होता. चर्चच्या आवारात, देवळाच्या पायरीवर, भाजीबाजारात एकच बोलणं: बाहेरच्यांनी येऊन आमचा हिरवा पट्टा संपवला. हे बाहेरचे म्हणजे आम्हीच, दादर-गिरगावच्या चाळी सोडून आलेले, कोकणातून आलेले, घाटावरून आलेले. मराठी बोलणारे. हे लक्षात ठेवा. पुढं उपयोगी पडेल.

सिसिलबायनं मात्र तेवढं बोलून झाल्यावर संध्याकाळी केळफुलाची भाजी आणून दिली. तिचा राग तिच्या जागी आणि शेजार शेजाराच्या जागी. तिनं मला कधी म्हटलं नाही, की आधी आमच्यासारखं बोलून दाखव, मग खोली देते.

दीड-दोन वर्षांनी विरारला फुलपाड्यात फ्लॅट घेतला. तळमजल्यावर किराणा, वर चार मजले, जिन्यात कायम कुणाच्या तरी फोडणीचा वास. आमच्यासमोर दळवी राहायचे. दळवीकाका सोसायटीचे सेक्रेटरी, आणि दळवीकाकू गिरगावातल्या, ते त्या दिवसातून एकदा तरी सांगायच्या. बाई वाईट नव्हत्या. मला कावीळ झाली तेव्हा महिनाभर मऊ भात त्यांनीच पोचवला. पण त्यांच्या तोंडाला कुलूप नव्हतं.

पहिल्या संक्रांतीला त्यांच्याकडे हळदीकुंकू होतं. सगळ्या बायका नव्या शेजारणीच्या मागं लागल्या, नाव घे, नाव घे. आता गावाकडे मी उखाण्यात कुणाला हार जायची नाही. मी मान वर करून म्हटलं:

"शेंगांच्या पोत्याला सुतळीचा टाका,
मोहनरावांचं नाव घेती, पुन्यांदा इचारू नका."

खोलीभर हशा पिकला. मीही हसले आधी, मला वाटलं उखाण्याला हसतायत. मग दळवीकाकू डोळे पुसत म्हणाल्या, "अगंबाई, पुन्यांदा! अहो, परत म्हणायला लावा हो हिला." आणि त्या परत हसल्या. ते हसणं उखाण्याचं नव्हतं.

आईचं खरं झालं. त्यानंतर मी गप्प झाले, आणि गप्प राहून शिकले. बालवाडीत शिकवायला लागले, तिथं तर शुद्धच बोलावं लागायचं. लईचं खूप झालं, व्हयचं हो झालं, कवाचं केव्हा झालं. चार वर्षांत अशी तयार झाले की नवीन माणूस मला विचारायचा, "तुम्ही पुण्याच्या का?" मोहन घरात चेष्टा करायचा, "बाईसाहेब, जेवायला वाढता का?" मी हसायचे. पण खरं सांगू? दिवसभर घट्ट चप्पल घालून हिंडावं आणि घरी आल्यावरही ती काढायची नाही, असं वाटायचं. फोनवर आईशी बोलायचे तर तिच्याशीही तसंच बोलू लागले. आई जरा अडखळायची, मग पलीकडून विचारायची, "बाकी सगळं बरं हाय न्हवं?"

मग ललिता आली. आमच्याच मजल्यावर शेवटच्या खोल्यांत भाड्यानं. आझमगडकडची. नवरा वसई पूर्वेच्या एका कारखान्यात मशीनवर, मुलगी मुन्नी माझ्याच बालवाडीत. पहिल्या दिवशी वाटी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "दीदी, थोड़ी चीनी मिलेगी?" मी साखर दिली आणि काय माझ्या मनात आलं कोण जाणे, म्हटलं, "चिनी न्हवं, साकर म्हन."

ते तोंडातून निघालं आणि मीच दचकले. इतक्या वर्षांनी "न्हवं" आणि "म्हन"! पण ललिता शांतपणे म्हणाली, "साकर." तिला काय, तेच मराठी. कुठलं मराठी वरचं आणि कुठलं खालचं, हे तिला ठाऊकच नव्हतं. तिच्यापुढं मला लाज वाटायचं कारणच उरलं नाही. त्या दिवसापासून दुपारी आम्ही दोघी जिन्यात भाजी निवडत बसायचो, आणि मी बोलत सुटायचे. कवा, कुटं, हिकडं, तिकडं, वाईच, लई. माझ्या आईसारखी, माझ्या चुलत्यांसारखी, आमच्या गल्लीसारखी. ललिता भराभर उचलायची. चुकली की स्वतःच कपाळावर हात मारून घ्यायची. तिला वाटायचं मी तिला शिकवतेय. मला मात्र माहीत होतं की पूर्ण फुलपाड्यात माझ्या बोलीत बोलायला मला ती एकटीच आहे.

दोन हजार सालानंतर हवा बदलली. नाक्यावर सभा होऊ लागल्या. इथं राहायचं तर मराठी आलीच पाहिजे, असे फलक लागले. टीव्हीवर कुणी म्हणे, देश एक आहे, कुणीही कुठंही राहील. कुणी म्हणे, मग आमच्या पोरांनी जायचं कुठं? आमच्या बालवाडीतल्या शिपायापासून मोहनच्या ऑफिसातल्या साहेबापर्यंत प्रत्येकाला यावर बोलायचं होतं. मला विचाराल तर जिथं राहता तिथली भाषा शिकावी, हे मला मान्यच आहे. न शिकणारा माणूस स्वतःचंच नुकसान करतो, शेजाऱ्याच्या घरातलं सुखदुःख त्याला कळत नाही. पण भाषा शिकायला शेजारी लागतो. दार लावून घ्यायचं आणि आतून ओरडायचं, आमची भाषा शिक म्हणून, हा कुठला न्याय?

आमच्या सोसायटीच्या सभेत दळवीकाकांनी ठराव मांडला, ज्याला मराठी येत नाही त्याला जागा भाड्यानं द्यायची नाही, आणि आधीचे भाडेकरूही तपासायचे. हात वर झाले. माझा झाला नाही. पण मी बोललेही नाही, कारण मला वाटलं, ललिताला तर मराठी येतं, भीती कसली? आता ते येतं की नाही हे ठरवायचं कसं, यावर बराच खल झाला. तेव्हा दळवीकाकूंनीच तोडगा काढला. "कोर्टासारखं नको बाई. हळदीकुंकवाला बोलवू. उखाणा घेतला की पास. मराठी बाईची ओळख म्हणजे उखाणा."

सगळ्यांना कल्पना फार आवडली. खेळीमेळीची, सणासुदीची. ललिताचा अकरा महिन्यांचा करार त्याच महिन्यात संपत होता. सोसायटीनं नाही म्हटलं की खोली गेली, आणि खोली गेली की मुन्नीची शाळा गेली. माझंही काय जाणार ते मला दिसत होतं.

मी ललिताला माझा तोच उखाणा शिकवला. एका दुपारी तिला पाठ झाला. "शेंगांच्या पोत्याला सुतळीचा टाका," इथपर्यंत खणखणीत. आणि पुढं गप्प.

"आता नाव घे," मी म्हटलं.

"कुनाचं?"

"तुज्या नवऱ्याचं."

तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि घाबरून एकदम तिच्या भाषेवर गेली. "ना दीदी. उनका नाम हम कैसे लें? अम्मा ने आज तक नहीं लिया."

मी समजावलं, विनवलं, रागावलेही. मुन्नीचे पप्पा म्हण, कारखान्यातले साहेब म्हण. पण उखाण्यात नावच लागतं, ते तिलाही कळत होतं. त्यांच्याकडे बायको नवऱ्याचं नाव उच्चारत नाही. नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं अशी तिची पक्की समजूत. आणि गंमत बघा, आपल्याकडे तरी कुठं घेतात? माझ्या आईनं अण्णांना जन्मभर "अवं" म्हणून हाक मारली. आपण नाव घ्यायला लाजतो म्हणून तर उखाणा आला. ललिताच्या गावात ती पळवाट नाही, एवढाच फरक. पण मराठी येतं का नाही ते बघायला निघालेल्या बायकांनी नेमकं तेच मागितलं, जे ती कुठल्याच भाषेत देऊ शकत नव्हती.

रथसप्तमीच्या आधी दोन-चार दिवस दळवीकाकूंकडे बायका जमल्या. तीळगूळ, अत्तर, गजरे. वाण म्हणून प्लॅस्टिकच्या साबणदाण्या. ललिता नवी साडी नेसून आली. कडेला बसली, मुन्नी तिला खेटून. काकूंनी गोड आवाजात सुरुवात केली, "हां, आता आपल्या नव्या पाहुण्या." पाच वर्षं राहणारी बाई नवी पाहुणी!

ललिता उभी राहिली. मान खाली, पदर कपाळापर्यंत. म्हणाली:

"शेंगांच्या पोत्याला सुतळीचा टाका..."

आणि थांबली. सगळ्या वाट बघत होत्या. कुणीतरी कुजबुजलं, "पाठ नाही वाटतं." तेवढ्यात तिनं मान वर केली आणि थेट काकूंकडे बघून ओळ पुरी केली:

"नाव घेनार न्हाय मी, पुन्यांदा इचारू नका!"

तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या राणेआजींनी एकदम टाळी वाजवली. ललिता थांबली नाही. "आमच्यात बाय मानूस नाव घेत न्हाय. पर मराठी येती मला. लई येती. दुसरं कायबी इचारा की."

आता मात्र हशा झाला, तोच जुना. एक जण म्हणाली, "आई गं, हे कुठलं मराठी!" काकूंनी हातातला करंडा खाली ठेवला आणि निकाल दिला, "उखाण्यात नाव नाही, आणि बोलणं असं. याला काय आपण मराठी म्हणायचं?"

मी उठले. मी तोवर कधी चारचौघांत आवाज चढवला नव्हता, पण त्या दिवशी बालवाडीचा आवाज निघाला. "ह्ये माजं मराठी हाय, काकू. मी शिकवलंय तिला. माज्या आईचं मराठी हाय, आमच्या सगळ्या गावाचं हाय. ह्ये मराठी नसंल तर तिच्याआधी मला भाईर काढा. माजी खोली मालकीची हाय म्हनून मला सूट देऊ नका."

कुणी हसलं नाही. मी आणखी बोलले. गिरगावातून फुलपाड्यात यायला काकूंना कुणी उखाणा विचारला होता का, ते विचारलं. उमेळ्याच्या सिसिलबायनं आम्हाला सगळ्यांनाच बाहेरचे म्हटलं होतं, तिचं तर पाणीसुद्धा गेलं होतं, तरी तिनं मला खोली दिली, हेही सांगितलं. ती उद्या इथं आली आणि तिच्या बोलीत बोलली तर तिलाही नापास करणार का? इतकी वर्षं गिळलेलं सगळं लई, व्हय, न्हाय त्या दिवशी मी त्या खोलीत ओतलं.

काकू करंडा उचलून ललिताकडे गेल्या आणि तिला कुंकू लावलं. जरा तुटकच म्हणाल्या, "बस. तीळगूळ घे." माफी वगैरे काही मागितली नाही. मी अपेक्षाही केली नव्हती. मी माझं वाण तिथंच ठेवून आले, आणि त्यानंतर त्यांच्याकडचं वाण कधी घेतलं नाही. ललितानं मात्र साबणदाणी घेतली. जिन्यात म्हणाली, "ऱ्हाऊ दे की दीदी. साबन ठिवायला हुतंय."

ललिताचा करार वाढला. ठराव रद्द झाला असं नाही, तो तसाच पडून आहे. पुढं कुणी काढला नाही इतकंच. दोन घरं माझ्याशी बोलेनाशी झाली. मोहन म्हणाला, "तुला काय गरज होती?" मी म्हटलं, "गरज मलाच हुती." त्यानं माझ्याकडे बघितलं, हसला, आणि त्याच्याही तोंडून किती वर्षांनी निघालं, "बरं, भाकर वाढतीस का न्हाय?"

तुम्ही गावाकडचे म्हणता, शालन बदलली. बदलले, कबूल. समुद्राचे मासे खाते, केळफूल निवडते, नाताळात सिसिलबायकडे जाऊन वडे खाते, हिंदीत भांडते. पण बोलणं ठेवून आले नव्हते मी, एवढं ध्यानात घ्या. आणि इथल्यांनो, तुम्हालाही सांगते. मी आले, राहिले, राहणार. आल्याबद्दल माफी मागणार नाही, आणि माझ्यानंतर आलेल्याला मागायलाही लावणार नाही.

मागच्या वर्षी आई पहिल्यांदा विरारला आली. भाऊ तिला सोडून तसाच त्याच्या कामाला पुढं गेला, मी बालवाडीत, घराला कुलूप. मला काही पत्ताच नव्हता. सुटल्यावर भाजी घेऊन जिना चढत होते तर वरून बोलणं ऐकू आलं. दोन बायका, आणि दोघी आमच्या गावच्या. मी जिन्यातच थांबले. शेंगांचं पीक, पोरीची शाळा, गुडघेदुखी. आई मध्येच विचारत होती, "तू कंच्या गावची गं? पिंगळीची का देवापूरची?"

"फुलपाड्याची," ललिता म्हणाली. "वाईच च्या घ्या, निवल तो."

मी पळतच वर गेले. इतकी वर्षं अंगात मुरलेलं शुद्ध बोलणं एका दमात निघालं, "आई! तू केव्हा आलीस? मला आधी कळवायचं नाही का?"

आईनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग ललिताकडे बघितलं, मग परत माझ्याकडे. म्हणाली, "ही बघ कशी आपल्यावानी बोलती. आन् तू काय गं अशी पुस्तकावानी? हिच्याकडनं शीक जरा."

म्हसवडच्या स्टँडवर मला काय सांगितलं होतं, ते ती साफ विसरली होती. मी आठवण करून दिली नाही. भाजीची पिशवी ललिताच्या उंबऱ्यावर टेकवली, आईच्या शेजारी फरशीवर बसले आणि म्हटलं, "मलाबी च्या टाक गं ललिते. लई दमलीया."